दोन्ही गॅलऱ्यांचा एकच चोर

कोल्हापुरात फुटबॉलचा मोसम रंगात आला की राजर्षी शाहू स्टेडियमच्या गॅलऱ्यांमध्ये दर मोठ्या सामन्याला काही हजार पंच येऊन बसतात. मैदानावर बावीस खेळाडू असतात आणि त्यांच्यामधून शिट्टी घेऊन धावणारा एक इसम असतो. अख्ख्या स्टेडियममध्ये कायदा न कळणारा तो एकटाच, याबद्दल समोरासमोरच्या दोन्ही गॅलऱ्यांचं एकमत असतं. एरवी या गॅलऱ्यांचं कशावरच जमत नाही. एक पाटाकडील तालमीची असेल तर दुसरी दिलबहारची. कधी एक खंडोबाची आणि दुसरी बालगोपालची. इथले संघ तालमींच्या नावाने खेळतात, तालीम पेठेची असते आणि पेठेची निष्ठा आजोबांकडून नातवाकडे सातबाऱ्यापेक्षा कमी कटकटीत जाते. अशा दोन निष्ठा नव्वद मिनिटांत ज्या एकाच मुद्द्यावर हातात हात घालतात, तो मुद्दा क्षुल्लक कसा असेल? माझं म्हणणं असं की रेफ्रीवरचा हा सामाईक राग हौशी फुटबॉलला जडलेला रोग समजून त्यावर औषध शोधण्यात अर्थ नाही. खेळ चालू राहायचा तर दोन्ही बाजूंना मिळून एक चोर लागतो आणि तो पुरवण्यासाठीच रेफ्रीची जागा निर्माण झाली आहे. कायद्याचं पुस्तक, कार्डं आणि शिट्टी ही त्या जागेची नेमणूकपत्रं.

आधी गॅलरीचा कायदा पाहू, कारण तोच जास्त लोकांना पाठ आहे. त्याची कलमं थोडी आणि ठाम असतात. आधी बॉलला पाय लागला असेल तर फाऊल नाही, मग पुढच्या माणसाची नडगी कुठल्या दिशेला वळली ते विचारू नये. शेवटच्या माणसाने पाडलं की लाल कार्ड. हाताला बॉल लागला की हँड. मात्र आपल्या माणसाच्या हाताला लागला असेल तर बॉल हाताकडे गेला होता, हात बॉलकडे गेला नव्हता. ऑफसाइड म्हणजे शेवटच्या बचावपटूच्या पुढे असणं, आणि ते थ्रो-इनवरसुद्धा लागू. आता पुस्तक काय म्हणतं? बॉल आधी की पाय आधी, हा प्रश्न पुस्तक विचारतच नाही. ते विचारतं की खेळाडू निष्काळजी होता, बेपर्वा होता की त्याने वाजवीपेक्षा जास्त बळ वापरलं: पहिल्याला नुसती फ्री किक, दुसऱ्याला पिवळं कार्ड, तिसऱ्याला लाल. ‘शेवटचा माणूस’ पुस्तकात कुठेच नाही. तिथे आहे गोलची उघड संधी हिरावणं, आणि ती ठरवताना गोलपासूनचं अंतर, खेळाची दिशा, बॉल ताब्यात येण्याची शक्यता आणि बचावपटू किती व कुठे आहेत, या चार गोष्टी बघायच्या. त्यातही 2016 पासून पेनल्टी क्षेत्रात, बॉल खेळण्याच्या खऱ्या प्रयत्नात असं घडलं तर पेनल्टी देऊन पिवळ्यावर भागतं. हाताला बॉल लागणं हा दर वेळी गुन्हा नसतो, हे पुस्तक स्पष्ट शब्दांत सांगतं. थ्रो-इन, कॉर्नर आणि गोल किकवरून थेट ऑफसाइड होतच नाही. आणि ऑफसाइडच्या जागी नुसतं उभं राहणं हासुद्धा गुन्हा नाही, त्या जागेवरून खेळात लुडबूड केली तरच तो गुन्हा होतो. हे शेवटचं वाक्य गॅलरीत मोठ्याने म्हणून पाहावं, असा सल्ला मात्र मी कुणाला देणार नाही.

यावरून लोक अडाणी आहेत असा निष्कर्ष काढायला सोपा आहे, पण तो चुकीचा ठरेल. गॅलरीचा कायदा हवेतून आलेला नाही. त्यातला बराचसा जुना, रद्द झालेला खरा कायदा आहे. बॉलला स्पर्श होण्याआधी प्रतिस्पर्ध्याला धक्का लागला तर फाऊल, असं कलम 1997 च्या नव्या मसुद्यात छापलेलं होतं, पुढे ते वगळलं गेलं. पुस्तकातून गेलं तरी पेठेतून जायला त्याला कुणी सांगितलं नाही. किक-ऑफला बॉल पुढेच ढकलायला हवा, हे 2016 पर्यंत खरं होतं. गोल किक पेनल्टी क्षेत्राबाहेर गेल्याशिवाय बॉल खेळात येत नाही, हे 2019 पर्यंत खरं होतं. बॉल रेफ्रीला लागला तरी खेळ चालूच, रेफ्री म्हणजे मैदानावरचा एक खांब, हेही 2019 पर्यंत खरं होतं. आता त्याच्या अंगावर आपटून बॉल दुसऱ्या संघाकडे गेला किंवा गोलमध्ये शिरला तर खेळ थांबवून ड्रॉप बॉल द्यावा लागतो. हँडचं कलम 2019 मध्ये बदललं, 2020 मध्ये हात काखेच्या तळाच्या रेषेपासून सुरू होतो असं ठरलं आणि 2021 मध्ये त्यात परत दुरुस्ती झाली. माणसाचा हात नेमका कुठे सुरू होतो हे ठरवायला या खेळाला 1863 ते 2020 एवढा काळ लागला, आणि शाळेच्या संघात राइट आउटला खेळलेल्या, आता पन्नाशी ओलांडलेल्या सद्गृहस्थांनी मात्र ते सामन्याच्या दिवशी सकाळपर्यंत वाचून यावं, ही अपेक्षा जरा जास्तच झाली. त्यांना कायदा ठाऊक आहे. फक्त तो त्यांच्या काळातला आहे.

बरं, कायदा आजचा असता तरी भांडण मिटलं असतं का? पुस्तक उघडून पाहावं. खेळाचे कायदे सतरा. ते सांभाळणारं मंडळ 1886 सालचं. त्यात इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड या चार संघटनांना एकेक मत आणि उरलेल्या साऱ्या जगाच्या वतीने फिफाला चार. बदल करायचा तर आठपैकी सहा मतं लागतात. एवढ्या बंदोबस्तात लिहिलेल्या पुस्तकाची गंमत अशी की जिथे कुणीच भांडत नाही तिथे ते कमालीचं काटेकोर आहे. गोलपोस्टच्या आतलं अंतर 7.32 मीटर, आडवी दांडी 2.44 मीटरवर, बॉलचा घेर 68 ते 70 सेंटीमीटर, कुठलीही रेषा 12 सेंटीमीटरपेक्षा रुंद नको, कोपऱ्यातल्या झेंड्याची काठी दीड मीटरपेक्षा आखूड नको. चुन्याची रेषा 13 सेंटीमीटर झाली म्हणून गॅलरी पेटून उठल्याचं अजून कुणी ऐकलेलं नाही. आणि जिथे डोकी फुटायची वेळ येते, तिथे पुस्तक अचानक मवाळ होऊन एखाद्या समंजस काकांसारखं बोलू लागतं. निष्काळजी म्हणजे किती? बेपर्वा म्हणजे नेमकं काय? शरीराचा आकार अस्वाभाविकपणे मोठा करणारा हात कोणता? उत्तर पाचव्या कायद्यात आहे: रेफ्रीने खेळाच्या कायद्यांना आणि खेळाच्या भावनेला धरून, आपल्या परीने, स्वतःच्या मतानुसार ठरवावं. थोडक्यात, सतरा कायद्यांनी मिळून जो प्रश्न अर्धवट सोडला तो धुळीत, पळता पळता, अर्ध्या सेकंदात सोडवायचं काम एका माणसाला दिलेलं आहे, आणि त्याचा निर्णय अंतिम आहे असंही लगेच पुढे लिहिलेलं आहे. मंडळाला हे जमलं नाही म्हणून नव्हे, तर त्याहून नेमकं लिहिणं शक्यच नाही म्हणून. पायाला पाय लागण्याचे प्रकार मोजायला बसलं तर पुस्तकाची सतराशे कलमं होतील आणि खेळ कोर्टात खेळावा लागेल.

ही जागा कशी निर्माण झाली ते पाहिलं की मुद्दा आणखी उघड होतो. 1863 साली लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये बसून मंडळींनी जे पहिले तेरा नियम केले, त्यात रेफ्री नव्हताच. खेळणारे सगळे सभ्य गृहस्थ. वाद झाला तर दोन कर्णधार तो मिटवतील, असा हिशेब होता. हा हिशेब फार दिवस टिकला नाही, हे सांगायला इतिहासकार कशाला हवा? मग प्रत्येक संघाने आपापला एक अंपायर आणायचा, अशी पद्धत आली. आपल्या संघाने आणलेल्या अंपायरला दर वेळी आपल्याच संघाचं म्हणणं पटतं, असा शोध लवकरच लागला. म्हणून रेषेबाहेर एक तिसरा माणूस उभा राहू लागला, आणि दोन अंपायरांचं जमेना की प्रकरण त्याच्याकडे जाऊ लागलं. 1891 मध्ये तो रेषा ओलांडून शिट्टीसह मैदानात आला आणि अंपायरांना झेंडे देऊन बाहेर, रेषेवर पाठवण्यात आलं. त्याच वर्षी पेनल्टी किकही आली. ती सुचवली आयर्लंडमधल्या आर्मा परगण्यातल्या विल्यम मॅक्रम या गोलरक्षकाने. पेनल्टी ज्याच्यावर मारली जाते त्यानेच ती सुचवावी, ही या खेळातली अखेरची निःस्वार्थ सूचना असावी. कोरिंथियन नावाच्या हौशी संघाला हा अपमान वाटला. सभ्य माणूस मुद्दाम फाऊल करतो असं गृहीतच कसं धरता, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा गोलरक्षक पेनल्टीच्या वेळी खांबाला टेकून बाजूला उभा राहायचा, अशी आख्यायिका आहे. नेमक्या त्याच 1891 साली मुंबईत रोव्हर्स कप सुरू झाला. म्हणजे आपल्याकडे मोठ्या स्पर्धांचा फुटबॉल रुजत होता तेव्हा सभ्यतेवरचा विश्वास उडून शिट्टीवरचा नुकताच बसला होता. सभ्यतेचा तो मधला टप्पा आपण पाहिलेलाच नाही. त्याबद्दल हळहळण्याचं कारणही नाही, तो टप्पा तिकडे तरी कितीसा टिकला?

या इतिहासातून मी काढतो तो अर्थ असा. कर्णधार-कर्णधार भांडले तर दोन संघ भांडतात. अंपायर-अंपायर भांडले तरी दोन संघच भांडतात. तिसरा माणूस मध्ये आला की प्रथमच दोन्ही संघांना एकमेकांना सोडून दुसऱ्या कुणावर तरी ओरडता येतं. लग्न जमवताना मध्यस्थ लागतो तो याचसाठी. देण्याघेण्यावरून, मानपानावरून जे काही बिनसेल ते मध्यस्थाने नीट सांगितलं नाही म्हणून बिनसलं, असं दोन्ही व्याह्यांना म्हणता येतं आणि दोन घरं एकमेकांच्या पंगतीला बसू शकतात. मध्यस्थाला आहेरात टोपी मिळते आणि माघारी शिव्या. पण लग्न टिकतं. पेठांचंही तसंच आहे. सामना हरल्यावर समोरची पेठ आपल्यापेक्षा चांगली खेळली, हे वाक्य मंगळवार पेठेत शिवाजी पेठेबद्दल उच्चारणं किंवा शिवाजी पेठेत मंगळवार पेठेबद्दल उच्चारणं अवघड आहे. त्यात आपल्या पोरांचा अपमान, त्यांच्या पोरांचा सन्मान आणि पुढचं वर्षभर कट्ट्यावर त्याचं व्याज. ‘रेफ्रीनं घालवला सामना’ हे वाक्य किती सोयीचं पाहा! आपली पोरं निर्दोष ठरतात, त्यांची पोरं चोर ठरत नाहीत, आणि दोष अशा माणसाच्या पदरात पडतो जो पुढच्या रविवारी दुसऱ्याच दोन पेठांचा दोषी म्हणून कामावर रुजू व्हायचा असतो. बक्षीस समारंभानंतर दोन्हीकडची पोरं एकाच गाड्यावर वडा खाऊ शकतात ती या सोयीमुळे.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. लोकांना कायदे शिकवा, तालमी-तालमींत वर्ग घ्या, पुस्तकाचं मराठी भाषांतर वाटा, म्हणजे ओरडा थांबेल. कायदे शिकवावेत, त्याला माझी ना नाही. पण ओरडा थांबणार नाही, याला पुरावा आहे. 1951 साली अमेरिकेत डार्टमथ आणि प्रिन्स्टन या दोन विद्यापीठांत त्यांच्याकडच्या फुटबॉलचा एक धसमुसळा सामना झाला. एकाचं नाक फुटलं, दुसऱ्याचा पाय मोडला. हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या दोन अभ्यासकांनी नंतर त्या सामन्याची तीच एक फिल्म दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवली आणि दिसतील ते फाऊल मोजायला सांगितले. डार्टमथच्या संघाचे फाऊल डार्टमथच्या पोरांना सरासरी चार-साडेचार दिसले, प्रिन्स्टनच्या पोरांना जवळपास दहा. नियम दोन्हीकडे तेच, फिल्म तीच, पडदा तसाच. ही मंडळी शिकलेली होती, बसून पाहत होती, आणि सामना कधीच संपलेला होता. म्हणजे माणसं कायदा वेगळा वाचत नाहीत, सामनाच वेगळा पाहतात. पुस्तक वाटून एवढंच होईल की ‘आरं हँड हाय त्यो!’ याच्या जागी ‘आरं, काखेच्या तळाच्या रेषेखाली लागलाय त्यो!’ असं ऐकू येईल. भाषा सुधारेल, आवाज तेवढाच राहील.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: रेफ्री खरोखरच चुकतात, मग त्यांना चोर म्हणण्यात गैर काय? चुकतात, आणि मोठमोठे चुकतात. 2006 च्या विश्वचषकात क्रोएशियाच्या शिमुनिचला एकाच सामन्यात तीन पिवळी कार्डं मिळाली. दुसऱ्यानंतर त्याला बाहेर काढायचं राहूनच गेलं. 2009 मध्ये इंग्लंडमध्ये सदरलंड आणि लिव्हरपूलच्या सामन्यात प्रेक्षकांतून आलेल्या समुद्रकिनाऱ्यावरच्या फुग्यासारख्या चेंडूला बॉल आपटून गोलमध्ये गेला. बाहेरची वस्तू मध्ये आली की खेळ थांबवून ड्रॉप बॉल, हे पुस्तकात स्वच्छ लिहिलेलं असताना गोल दिला गेला, आणि सामना त्याच एका गोलने सुटला. लिव्हरपूलचा रंग असलेला तो फुगा लिव्हरपूलच्याच प्रेक्षकांतून आला होता, हा तपशील मला कायद्यापेक्षाही न्याय्य वाटतो. पण या ठळक चुका आहेत, गॅलरी रोज ओरडते त्या या नव्हेत. रोजच्या चुकांची कारणं निराळी आहेत. ऑफसाइड ठरवताना बॉल मारणारा पाय आणि तीस-चाळीस मीटर दूरचा आघाडीपटू एकाच क्षणी पाहायचा असतो. ॲमस्टरडॅमच्या अभ्यासकांनी 2000 साली ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिलं की रेषेवरचा पंच बचावपटूच्या बरोबर रेषेत नसून किंचित पुढेमागे असला की चूक होणं हा नजरेच्या कोनाचा परिणाम आहे. त्यात नियतीचा, पैशाचा किंवा पेठेचा संबंध नाही. आणि गॅलरीबद्दल बोलायचं तर ती या चुकांत स्वतः भर घालते. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्या एका प्रयोगात चाळीस पात्र रेफ्रींना एकाच सामन्यातले प्रसंग दाखवले, काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह आणि काहींना मुक्याने. आवाज ऐकणाऱ्यांनी घरच्या संघाविरुद्ध सुमारे 15 टक्के कमी फाऊल दिले. तेव्हा ओरडणं अगदीच वाया जात नाही, हेही कबूल करायला हवं. गंमत एवढीच की कोल्हापुरात दोन्ही संघ घरचेच असतात. दोन्हीकडून सारख्याच जोराचा ओरडा आला तर रेफ्री जवळजवळ निःपक्षपाती राहतो, असं गणित मांडता येईल. पण ते प्रत्यक्षात तपासायला मैदानात कोण उतरणार?

तिसरा आक्षेप यंत्राचा. टीव्हीवर पाहतो तसा व्हिडिओ पंच आणा, म्हणजे चूक नाही आणि चोरही नाही. हौशी मैदानात तो तसा आलेलाच आहे, फक्त अधिकृत नाही. सामन्याचं थेट चित्रण फोनवर चालू असतं, गॅलरीतले शंभर मोबाइल शंभर कोनांतून टिपत असतात आणि गोलचा वाद शिट्टीच्या आवाजाआधी पेठेतल्या सगळ्या ग्रुपवर पोचतो. त्यातल्या प्रत्येक क्लिपमध्ये आपलंच म्हणणं सिद्ध झालेलं असतं. अधिकृत व्हिडिओ पंच जिथे आहे तिथली परिस्थिती तरी काय? 2024 च्या जुलैमध्ये नॉर्वेत रोझेनबर्ग आणि लिलेस्ट्रम यांचा सामना अर्धवट सोडून द्यावा लागला, कारण व्हिडिओ पंचाच्या निषेधार्थ प्रेक्षकांनी मैदानावर टेनिस बॉल आणि माशांचे तळलेले कटलेट फेकले. शेजारच्या स्वीडनने तर ती यंत्रणा घ्यायचंच नाकारलं. यंत्राने चुका कमी केल्या, हे मान्य. पण चोर लागतो ही गरज यंत्राने भागत नाही. कारण यंत्रावर ओरडून समाधान होत नाही, यंत्राला पेठ नसते. आपल्याकडे रेफ्रीबद्दल विचारला जाणारा पहिला प्रश्नच ‘ह्यो कुठल्या पेठेचा?’ हा असतो. त्याचं उत्तर काहीही असलं तरी काम भागतं: समोरच्या पेठेचा असेल तर विकला गेलाय, आपल्या पेठेचा असेल तर निःपक्षपाती दिसण्यासाठी आपल्यावर अन्याय करतोय, आणि तिसऱ्याच पेठेचा असेल तर त्याला आपलं काय पडलंय!

इथपर्यंत विनोद चालतो, कारण इथपर्यंत फक्त तोंड चालतं. चौथ्या आक्षेपाला मात्र हसून उत्तर देता येत नाही. तुम्ही चोराची सोय म्हणता, पण त्या जागी उभा असतो तो हाडामांसाचा माणूस. दिवसा कुठेतरी नोकरी करणारा, संध्याकाळी याच रस्त्यांवरून भाजी घेऊन घरी जाणारा. त्याच्या अंगावर कुणी धावून गेलं तर? हा प्रश्न इंग्लंडच्या पार्कांतल्या फुटबॉललाही सुटलेला नाही. तिथे 2023 पासून काही हौशी लीगमध्ये रेफ्रींच्या छातीवर कॅमेरे लावण्याचा प्रयोग करावा लागला, आणि कॅमेरा क्षण टिपण्यासाठी नव्हता, मारणाऱ्याला आवर बसावा म्हणून होता. मी मांडतोय त्या सिद्धान्तानेच याला मनाई होते. चोर दोन्ही बाजूंचा सामाईक असतो, म्हणजे त्यात दोघांचा वाटा असतो. एका बाजूने त्याला हात लावला तर तो सामाईक राहत नाही आणि भांडण परत दोन पेठांवर येतं. शिवाय पुढच्या रविवारी त्या जागेवर उभं राहायला कुणी आलं नाही तर खेळ 1863 सालात जाईल, आणि दोन तालमींचे कर्णधार सभ्य गृहस्थांसारखे आपसात वाद मिटवतील ही कल्पना करून पाहावी. ज्या छोट्या स्पर्धांत रेषेवर उभं राहायला दोन्ही संघ आपापला राखीव खेळाडू देतात, तिथे 1870 च्या दशकातला अंपायर आजही जिवंत आहे आणि त्याचा झेंडा आजही फक्त एकाच दिशेला वर होतो. रेफ्रीला चोर म्हणायला माझी हरकत नाही. त्याला पकडायला मैदानात उतरू नये. ओरडणाऱ्या खेळाडूंसाठी पुस्तकात उपाय आहेत: शब्दाने वा हावभावाने नापसंती दाखवली तर पिवळं कार्ड. हे कलम गॅलरीला लागू नाही हे बरं आहे, नाहीतर पूर्वार्धातच अर्धं शहर ताकीद मिळून बसलं असतं. इंग्लंडच्या हौशी फुटबॉलमध्ये 2019 पासून असा खेळाडू दहा मिनिटं बाहेर बसवतात. आधी 31 लीगमध्ये करून पाहिलं तेव्हा हुज्जत 38 टक्क्यांनी कमी झाली. 2024 च्या युरो स्पर्धेत रेफ्रीशी फक्त कर्णधारानेच बोलायचं, असं ठरवून पाहिलं आणि तेही बऱ्यापैकी जमलं. हे सगळं आपल्याकडे जरूर आणावं. त्याबरोबर रेफ्रीचं मानधन वाढवावं आणि ते सामन्याच्या आधी द्यावं. निकालानंतर आयोजकांच्या खिशाला रेफ्रीची आठवण राहील याची हमी कुठल्याच कलमात नाही.

आता तर मंडळाने गॅलरीला थेट कामाला लावलं आहे. गोलरक्षकाने बॉल हातात धरून सहा सेकंदांपेक्षा जास्त थांबू नये, हा जुना नियम. तो मोडला तर अप्रत्यक्ष फ्री किक. ती शिक्षा इतकी विचित्र जागी द्यावी लागायची की रेफ्री सहसा सेकंद मोजायचं विसरून जात, आणि गोलरक्षक बॉल पोटाशी धरून आकाशातलं हवामान पाहत. जुलै 2025 पासून मर्यादा आठ सेकंद झाली, शिक्षा म्हणून समोरच्या संघाला कॉर्नर, आणि शेवटची पाच सेकंदं रेफ्रीने हात वर करून बोटांनी मोजून दाखवायची. नियम चांगला आहे. आठपर्यंतचे आकडे हा सतरा कायद्यांतला कदाचित एकमेव भाग असेल ज्याच्या अर्थावर वाद होऊ शकत नाही. तो शाळेत शिकवलेला आहे, काखेच्या तळाशी त्याचा संबंध नाही आणि त्यात कुणाच्या मताला वाव नाही. तरीही कोल्हापुरात हे मोजमाप कसं चालेल ते आत्ताच सांगता येतं. रेफ्रीचा हात वर गेला की दोन्ही गॅलऱ्या त्याच्या मदतीला धावतील. समोरच्या संघाची गॅलरी ‘पाच-चार-तीन-दोन-एक’ हे एका श्वासात उरकून कॉर्नर मागेल. गोलरक्षकाची गॅलरी पाच म्हणेल, थोडा दम घेईल, शेजाऱ्याला तंबाखू विचारेल, आणि मग चार म्हणेल. रेफ्रीची बोटं या दोन्हींच्या मधल्या कुठल्यातरी वेगाने मिटत जातील, आणि शिट्टी वाजली किंवा नाही वाजली, तरी त्याला पाचापर्यंत मोजतासुद्धा येत नाही, याबद्दल दोन्हीकडे एकमत होईल.